मोठे टायर बसवल्यावर गाडी ओढत नाही: क्लच उघडण्यापूर्वी काय तपासावे

मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवून दोन-तीन महिने झाले की ऑफ-रोड गाड्यांचे मालक जवळजवळ ठरलेल्या तक्रारी घेऊन येतात. गाडी उचलताना हाफ क्लचवर पूर्वीपेक्षा जास्त वेळ राहावे लागते आणि घोडबंदर रोडच्या कोंडीतून घरी पोहोचेपर्यंत जळका वास येऊ लागतो. कसाऱ्याच्या घाटात जो चढ चौथ्या गिअरमध्ये निघत होता, तिथे आता तिसरा टाकावा लागतो. सपाट रस्त्यावर पाचवा टाकला की इंजिन घुमते, अंग थरथरते, पण ॲक्सिलरेटर दाबूनही वेग वाढत नाही. ॲव्हरेज घसरते, ब्रेक उशिरा लागल्यासारखे वाटतात आणि स्टिअरिंग पूर्ण वळवले की पुढचे चाक कुठेतरी घासते. ऑटोमॅटिक गाडी असेल तर ती दोन गिअरांमध्ये सतत वर-खाली करत राहते.

कुर्ल्यातील माझ्या वर्कशॉपमध्ये ही तक्रार दरवर्षी जूनच्या आसपास वाढते, कारण पावसाळी भटकंतीच्या तयारीत टायर मे महिन्यात बदललेले असतात. येणाऱ्यांपैकी बहुतेकांना कोणीतरी आधीच सांगितलेले असते की क्लच प्लेट गेली किंवा इंजिन कमजोर झाले. क्वचित ते खरेही निघते. परंतु बहुतेक वेळा दुखणे इतके खोलवर नसते, आणि ते शोधण्यासाठी सुरुवातीला एक कागद, एक खडू आणि हवा मोजण्याचा गेज एवढेच पुरते.

मुळात घडते काय, हे आधी समजून घ्यावे. आपण गिअरबॉक्सला हात लावला नाही, डिफरन्शियलमधील क्राऊन-पिनियन, म्हणजे शाफ्टचा जोर चाकांकडे वळवणारी दातेरी जोडी, तीही तीच आहे, म्हणून गिअर बदललेले नाहीत अशी समजूत होते. प्रत्यक्षात टायर हाच गाडीचा शेवटचा गिअर असतो. टायरचा व्यास 9 टक्क्यांनी वाढला की इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी 9 टक्के जास्त पुढे जाते आणि रस्त्यावर पोहोचणारा जोर जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात घटतो. समजा डिफरन्शियलचे गुणोत्तर 3.73 आहे, म्हणजे शाफ्टच्या 3.73 फेऱ्यांत चाकाची एक फेरी होते; असे टायर बसवल्यावर ते 3.42 असल्यासारखे वागते. म्हणजे न बदललेला गिअर आपण नकळत बदललेलाच असतो, आणि पहिला प्रश्न एवढाच असतो की तो किती बदलला.

कागद-पेन्सिल

टायरच्या बाजूवर 235/70 आर 16 असे लिहिलेले असते. 235 ही मिलिमीटरमधील रुंदी, 70 म्हणजे त्या रुंदीच्या 70 टक्के इतकी बाजूच्या भिंतीची उंची, आणि 16 हा रिमचा इंचांतील व्यास. भिंत वर एक आणि खाली एक अशी दोनदा मोजायची आणि त्यात रिमचे इंच 25.4 ने गुणून मिळवायचे. या मापाचा व्यास सुमारे 735 मिमी येतो. त्याच रिमवर 245/75 आर 16 चढवला तर 774 मिमी, म्हणजे 5.2 टक्के वाढ. आणि 265/75 आर 16 चढवला तर 804 मिमी, म्हणजे 9.3 टक्के वाढ. जिमनीचा मूळ 195/80 आर 15 हा 693 मिमीचा आहे. त्यावर अनेकांना आवडणारा 235/75 आर 15 घेतला की 733.5 मिमी होतात. डोळ्यांना किरकोळ वाटणारा हा बदल 5.8 टक्क्यांचा आहे. याउलट नव्या थारच्या 255/65 आर 18 ऐवजी 17 इंची रिमवर 265/70 घेतला तर टायर बराच भरीव दिसतो, पण व्यास 2 टक्केही वाढत नाही.

माझा अनुभव असा की 3 टक्क्यांपर्यंतची वाढ बहुतेक चालकांना जाणवतही नाही, आणि तेवढ्यावर गाडी ओढत नसेल तर कारण टायरबाहेर शोधावे. 3 ते 6 टक्क्यांत गाडी जड वाटणारच, मात्र चालवण्याची सवय थोडी बदलली तर ती सहज निभावते. 8 टक्क्यांच्या पुढे गिअर न बदलता मुंबईच्या रहदारीत रोज गाडी चालवायची असेल, तर क्लचचा खर्च आधीच हिशेबात धरलेला बरा.

छापील माप आणि प्रत्यक्ष टायर यांत कंपनीगणिक थोडा फरक पडतो. म्हणून टायर आणि जमीन दोन्हींवर खडूने खूण करावी, नेहमीइतकी माणसे गाडीत बसवून चाकाची नेमकी एक फेरी होईल एवढी गाडी ढकलावी आणि दोन खुणांमधील अंतर टेपने मोजावे. जुने टायर अजून घरात असतील तर त्यांचेही असेच माप घ्यावे. या दोन आकड्यांचे गुणोत्तर छापील गणितापेक्षा अधिक खरे असते, कारण वजनाखाली टायर किती दबतो हेही त्यात येते.

मीटर खोटे बोलत आहे का

स्पीडोमीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो; टायर मोठा झाल्याचे त्याला कळत नाही. 9.3 टक्के मोठ्या टायरवर, जो मीटर पूर्वी अचूक होता, तो 100 दाखवताना गाडी 109 ने धावत असते आणि अटल सेतूवरील कॅमेऱ्याला आपल्या मीटरशी काही देणे-घेणे नसते. मूळ मीटर बहुधा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच वेग दाखवतात, त्यामुळे 3 टक्क्यांच्या वाढीने कधी कधी मीटर उलट अचूक होतो. फोनवरील जीपीएसशी ताडून पाहावे: पहाटे रिकाम्या सरळ रस्त्यावर काटा 50 वर स्थिर ठेवावा आणि फोन शेजारी बसलेल्याने वाचावा. त्यासाठी सेतूचा टोल भरण्याची गरज नाही, पाम बीच मार्ग पुरेसा आहे.

ही तपासणी मी आवर्जून करायला लावतो, कारण ॲव्हरेजची निम्मी रड इथेच संपते. ओडोमीटरही त्याच प्रमाणात कमी किलोमीटर मोजत असतो. मीटरवरून 11 चे ॲव्हरेज निघाले आणि टायर 9.3 टक्के मोठा असेल, तर खरे ॲव्हरेज 12 च्या आसपास आहे. पूर्वी 13 मिळत असेल तर घट 2 ची नसून 1 ची आहे, आणि जड व रुंद खाचांच्या टायरसाठी ती स्वाभाविक आहे. सर्व्हिसिंगचे किलोमीटरही याच हिशेबाने थोडे आधी धरावेत.

हवा

दरवाजाच्या चौकटीवरील स्टिकरचा हवेचा आकडा मूळ टायरसाठी असतो. नव्या टायरची बांधणी वेगळी असेल, विशेषतः मापाआधी 'एलटी' लिहिलेला हलक्या मालवाहू प्रकारचा जाड टायर असेल, तर तेवढेच वजन पेलण्यासाठी त्याला जास्त हवा लागते. पेट्रोल पंपावरील मुलाने सवयीने जुन्या आकड्याइतकी हवा भरली की टायर कडेने दबतो, तापतो आणि गाडीला मागून कोणीतरी धरून ठेवल्यासारखे वाटते. उलट, लोणावळ्याला चिखलात उतरताना कमी केलेली हवा परत न भरता आलेले लोक तर मी दर पावसाळ्यात पाहतो.

योग्य आकडा शोधण्याची खडूची युक्ती जुनी आहे आणि आजही चालते. टायर थंड असताना गेजने हवा मोजावी, पूर्ण रुंदीवर आडवा जाड पट्टा ओढावा आणि कोरड्या सपाट रस्त्यावर गाडी सरळ थोडे अंतर न्यावी. खडू फक्त मधोमध पुसला गेला तर हवा जास्त आहे. फक्त दोन्ही कडांना पुसला गेला तर कमी आहे. मात्र टायरच्या वजन पेलण्याच्या तक्त्यात गाडीच्या भाराला जी किमान हवा सांगितली असेल, तिच्या खाली या युक्तीच्या भरवशावर जाऊ नये.

चारही चाके आणि स्टेपनी

चौघांचा व्यास सारखा आहे ना, हे आधीच्या खडूच्या मापानेच कळते. दोन नवे आणि दोन झिजलेले, किंवा मागे मोठे आणि पुढे मूळ, अशी जोडी पार्ट-टाइम फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत चालत नाही. फोर-व्हील टाकल्यावर पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकत्र बांधले जातात; दोन्हींकडील चाके वेगवेगळे अंतर कापू लागली की फरकाचा सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे जोर पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरपेटीवर, येतो. गाडी ब्रेक दाबल्यासारखी अडते आणि लिव्हर परत टू-व्हीलमध्ये आणता येत नाही. कोरड्या डांबरावर फोर-व्हील वापरल्यानेही हेच होते. 'मोठ्या टायरने घाट चढत नाही, म्हणून लो रेंज (फोर-व्हीलचा सर्वांत हळू टप्पा) टाकून चढवली' असे कोणी सांगितले की मी आधी ट्रान्सफर केसचे तेल पाहतो.

घासणे

सपाट जमिनीवर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहणे ही अर्धी तपासणी झाली. दुसऱ्या अर्ध्यासाठी पुढचे एक चाक उंच कडेवर किंवा मजबूत फळीवर चढवावे, हँडब्रेक लावून मागच्या चाकांना अडण लावावी आणि सस्पेन्शन दबलेल्या स्थितीत पुन्हा वळवून पाहावे. मडफ्लॅप, आतील प्लॅस्टिकचे लायनर, अँटिरोल बार आणि चॅसिसची कड या चार जागी टॉर्चने चकाकलेली घासट शोधावी. लायनर घासत असेल तर तो किंचित मागे बांधून भागते. ब्रेकच्या रबरी पाइपाजवळ घासट दिसली तर मात्र गाडी तिथून हलवू नये.

घासणे टाळण्यासाठी रिम बाहेर आणणारे स्पेसर सर्रास विकले जातात. मी ते बसवत नाही. चाक बाहेर सरकले की हबच्या बेअरिंगवरील आणि स्टिअरिंगच्या सांध्यांवरील जोर वाढतो, आणि खड्ड्यात आपटल्यावर तो थेट जाणवतो.

वजन

ही तपासणी फारसे कोणी करत नाही, आणि खरे उत्तर बऱ्याचदा इथेच सापडते. जुने चाक आणि नवे चाक जवळच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवून पाहावे. रिमसह एका चाकामागे 6-7 किलोचा फरक निघाला तर आश्चर्य वाटू नये. हे वजन डिकीतील सामानासारखे नसते. ते आसापासून दूर, परिघावर फिरते, म्हणून गाडीला वेग देताना इंजिनाला ते पुढेही ढकलावे लागते आणि फिरवावेही लागते, आणि ब्रेक लावताना हीच ऊर्जा परत शोषावी लागते. व्यास तोच ठेवून मड-टेरेन (चिखलाच्या) टायरऐवजी ऑल-टेरेन (सर्व रस्त्यांचा) प्रकार घेतला, किंवा जड लोखंडी रिमऐवजी मूळ अलॉय ठेवले, तर गिअरला हात न लावता गाडी पुष्कळशी पूर्ववत झाल्याची उदाहरणे माझ्याकडे आहेत. ज्याची गाडी वर्षातले 340 दिवस ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर असते, त्याने चिखलाचे टायर रोज का फिरवावेत, हा प्रश्न मी विचारतो. उत्तर बहुधा 'दिसतात छान' असे येते, आणि त्यावर माझ्याकडे प्रत्युत्तर नसते.

दोष टायरचाच आहे का

टायर बदलले त्याच सुमारास दुसरेही काही बिघडलेले असू शकते. समुद्राच्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे ब्रेक कॅलिपर गंजाने अडकतात. दहा-पंधरा मिनिटे ब्रेक कमीत कमी वापरत गाडी चालवून प्रत्येक रिमजवळ हात न्यावा, स्पर्श करू नये. एकच चाक इतरांपेक्षा स्पष्ट तापले असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही. एअर फिल्टर बाहेर काढून पाहावा. टर्बो डिझेलमध्ये इंटरकूलरच्या होजवर तेलकट ओल किंवा चीर दिसते का, ते पाहावे, कारण फाटलेल्या होजची लक्षणे मोठ्या टायरच्या लक्षणांशी हुबेहूब जुळतात: गाडी ओढत नाही आणि चढावर काळा धूर सोडते.

या सगळ्यांहून निर्णायक चाचणी म्हणजे जुने टायर परत चढवून तोच चढ चढणे. जुने टायर विकून टाकले असतील तर तीच गाडी असलेल्या मित्राची चाके एका रविवारसाठी मागावीत. तक्रार गेली तर ती टायरची होती. तशीच राहिली तर टायरवाल्याशी भांडण मिटले आणि इंजिनाकडे वळता येते.

क्लच

रिकाम्या सपाट रस्त्यावर साधारण 40 च्या वेगाने चौथ्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर एकदाच पूर्ण दाबावा. आरपीएमचा काटा झटकन वर गेला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच घसरतो आहे. काटा आणि वेग दोन्ही सावकाश, एकमेकांना धरून वाढले तर क्लच शाबूत आहे आणि गाडी फक्त उंच गिअरमध्ये दमते आहे. ही चाचणी पुन्हा पुन्हा करू नये. प्रत्येक वेळी प्लेट थोडी जळते.

एक जुनी डिझेल जीप दीड वर्षात दुसऱ्यांदा क्लच जाळून माझ्याकडे आली होती. मालक रोज गायमुखच्या घाटातून भाईंदरकडे जात. मूळ 235/70 च्या जागी 265/75 होते. पहिला क्लच ज्या गॅरेजने बदलला त्याने काम व्यवस्थित केले होते. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळे नवे होते. टायरचा विषय मात्र कोणीच काढला नव्हता. गाडी थांबलेल्या स्थितीतून उचलताना क्लचमध्ये जी उष्णता तयार होते, ती व्यासाच्या प्रमाणात नव्हे, तर व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 9.3 टक्के मोठ्या टायरवर सपाट रस्त्यावरही प्रत्येक वेळी गाडी उचलताना जवळजवळ 20 टक्के जास्त उष्णता, आणि त्या घाटाच्या चढावर एका संध्याकाळी शंभरदा गाडी उचलायची. मी दुसरा क्लच बसवला, पण टायर 245/75 वर आणण्याच्या अटीवर. ती गाडी नंतर माझ्याकडे केवळ सर्व्हिसिंगला येते.

टायर बदलायचे नसतील तर निदान चालवणे बदलावे. कोंडीत पुढच्या गाडीमागे इंच-इंच न सरकता एक गाडीभर अंतर मोकळे होऊ द्यावे आणि मग क्लच पूर्ण सोडून पुढे जावे. चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून न धरता हँडब्रेक लावावा. वरचा गिअर पूर्वीपेक्षा उशिरा टाकावा. बीएस-6 डिझेलमध्ये हे अधिक महत्त्वाचे आहे, कारण कमी आरपीएमवर ओढाताण करून चालवलेले इंजिन जास्त काजळी करते आणि ती डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातील काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, साठते.

ब्रेक

पेडल तितकेच दाबले तर रस्त्यावर मिळणारा रोध टायरच्या वाढीच्या प्रमाणात कमी मिळतो, शिवाय जड चाकाची ऊर्जा वेगळी. घाट उतरताना इंजिन ब्रेकिंगही त्याच प्रमाणात घटलेले असते. म्हणून माळशेज उतरताना पूर्वी तिसरा पुरत असेल तर आता दुसरा वापरावा. पॅडची जाडी आणि ब्रेक ऑइलचे वय पाहणे एवढे घरी करता येते, त्यापुढचे नाही.

इथे थांबावे

पेडल स्पंजासारखे लागणे, उतारावर ब्रेक विरणे, ब्रेक पाइपाजवळ घासट, क्लच चाचणीत नक्की घसरणे, डिफरन्शियलमधून वेगानुसार बदलणारा घुमणारा आवाज, किंवा ऑटोमॅटिकमध्ये ट्रान्समिशन तापल्याची सूचना: यांपैकी काहीही असेल तर घरगुती तपास तिथेच संपला. पुढच्या चाकांना ठोस ॲक्सल असलेल्या गाडीत खड्ड्यानंतर स्टिअरिंग जोरजोराने हलू लागले आणि वेग कमी केल्याशिवाय थांबले नाही, तर स्टिअरिंग डॅम्पर बदलून ते झाकण्याचा प्रयत्न करू नये. दोष बहुधा झिजलेल्या किंगपिन बेअरिंगमध्ये, टायरॉडच्या सांध्यात किंवा पॅनहार्ड रॉडच्या बुशमध्ये असतो आणि मोठ्या टायरने तो केवळ उघडा पाडलेला असतो. अशी गाडी टो करून न्यावी.

गिअरच बदलायचे ठरले तर ते क्राऊन-पिनियनचे काम आहे. वरील उदाहरणात 3.73 ची मूळ ओढ परत मिळवण्यासाठी सुमारे 4.10 चा सेट लागेल. फोर-व्हील गाडीत तो पुढे आणि मागे दोन्हीकडे एकाच गुणोत्तराचा बसवावा लागतो. केवळ मागचा बदलला तर फोर-व्हील टाकल्यावर ट्रान्सफर केस तुटू शकते. शिम (पातळ चकत्या), बॅकलॅश (दातांमधील मोकळीक) आणि दातांवरील रंगाचा ठसा मोजून दाखवणाऱ्याकडेच हे काम द्यावे. 'ठसा बघायला लागत नाही, हाताने कळते' असे जो म्हणेल, त्याच्याकडून गाडी परत आणावी.

खरेदीपूर्वी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. नव्या टायरचा भारांक आणि वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा खालचे नसावे. उदाहरणार्थ 111 म्हणजे एका टायरवर 1090 किलो आणि एस म्हणजे ताशी 180 किमी, तर अनेक मड-टेरेन टायरांवर क्यू, म्हणजे 160, असते. दुसरे म्हणजे, मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार गाडीचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ कायम केला. उत्पादकाने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटला दिलेले माप निवडणे सर्वांत सुरक्षित, आणि बदल विमा कंपनीला लेखी कळवावा.

टायर मोठे केले की मूळ जॅक पुरेसा उंच उठत नाही आणि मागच्या दारावर टांगलेल्या जड स्टेपनीने दाराची बिजागरी खाली बसू लागते. दोन्ही गोष्टी घरासमोर, ऊन असताना करून पाहाव्यात. माळशेजच्या धुक्यात नव्हे.